निधान

पंचायतीनं पत्रा दिला, चार बाय तीन,
पांढऱ्या रंगाचे दोन डबे, लालचा एक,
आणि पीडीओसाहेब म्हणाले,
"पेंटर, दोन्ही भाषा. अक्षरं एकाच उंचीची.
बोटभर इकडंतिकडं झालं तर मोर्चा निघंल."

मी चिकोडीचा. तीस वर्षं बोर्ड लिहितो,
खताचे, लग्नाचे, मूळव्याधीच्या डॉक्टरचे.
नदीसाठी पहिलाच.

गावाचं नाव कल्लोळ.
दूधगंगा इथं कृष्णेत उतरते
चपला हातात घेतल्यासारखी, आवाज न करता.

यंकाप्पा अंबिगेरनं काठ दाखवला.
दिवाळीत त्यानं बाभळीची एक खुंटी ठोकलेली,
पाण्यापासून सात पावलांवर.
आता शिमगा. मोजली. चार.
"पूर सांगून येतो," तो म्हणाला,
"हे रविवारनं नेलं."

रविवार म्हणजे बाहुबली चौगुल्याची बोट,
निळी, चाळीस घोड्यांची.
सांगलीहून माणसं येतात,
किंचाळण्याचे माणशी दीडशे देतात.
बोट वळणाआड जाते, मग लाट पोचते.
ती बघायला मागं कुणी उरलेलं नसतं.
काठाला लागते आणि मातीचा एक घास
न चावता गिळते.

करंजाची मुळं उघडी.
मल्लव्वाचा धुण्याचा दगड कललेला,
ती आता एका पायावर जोर देऊन धुते.
दरडीत खंड्याचं बीळ होतं, हातभर खोल,
त्याचा पुढचा निम्मा भाग गेलाय.
आत माशांचे काटे, एक पांढरं टरफल,
रस्ता रुंदीकरणात एखाद्याची झोपायची खोली
रस्त्यावर यावी तसं.

बैठकीत बाहुबली म्हणाला,
"ताशी पाच? तेवढं तर म्हैस पोहते."
"मग म्हशीइतकं चालव," यंकाप्पा म्हणाला,
"म्हैस काठावर चढते. काठ घेऊन जात नाही."
सगळे हसले, बाहुबलीसुद्धा.
मग तो हळूच म्हणाला,
"आणि बँकेचा हप्ता? तो कोण हळू करणार?"
त्यावर कुणी काही बोललं नाही.
मीही ब्रश धुत राहिलो.

मराठीत "हळू" लिहिणार होतो.
दोनच अक्षरं, पत्रा रिकामा दिसला.
"सावकाश" लिहिलं. रंग जास्त गेला,
पण त्या शब्दात पाण्याला हलायला जागा आहे.
शेजारी कानडी, तेवढ्याच उंचीची: निधान.
म्हणजे तेच. दमानं.

मल्लव्वाची नात कानडी शाळेतली,
बोट ठेवून वाचत होती: नि, धा, न.
कागलहून आलेला तिचा मामेभाऊ
मराठी पाचवीतला. त्यानं कान टवकारले.
"निधान? म्हणजे पुरलेलं धन! कुठाय?"
आणि रंग वाळायच्या आत
काटकी घेऊन तो दरड उकरायला लागला,
नेमकी खंड्याच्या बिळाशी.

यंकाप्पा धावला, धोतर सावरत,
"निधान, तम्मा! निधान!"
पोरगं आणखी जोरात उकरायला लागलं.

त्याला खाली ओढून कोण काय समजावणार?
दोघंही खरंच सांगत होते.

रविवारी मी मुद्दाम थांबलो.
बोर्डासमोर बोट म्हशीसारखी गेली,
बाहुबलीनं मला हातही केला.
वळणापलीकडं इंजिनचा आवाज परत चढला.
थोड्या वेळानं लाट आली.
लहान होती. पण आली.

डब्यात पांढरा थोडा उरला होता.
मी ती बाभळीची खुंटी रंगवली,
बोटीतून दिसेल अशी, दोन हात देऊन.
याचं बिल लावलं नाही.
यंकाप्पानं पावलं मोजली आणि म्हणाला, चार.
मी मोजली नाहीत.